हिर्टा बेटाचे एका दिवसाचे पाहुणे

स्कॉटलंडच्या पश्चिमेस हेब्रिडीज नांवाची जी बेटांची माळ आहे, तिच्याही पलीकडे, उत्तर युइस्ट बेटापासून सुमारें ६४ किलोमीटर अंतरावर, अटलांटिक महासागरांतून कांहीं कडे सरळ वर आलेले आहेत. नकाशांत त्यांस सेंट किल्डा म्हणतात. वस्तुतः किल्डा नांवाचा कोणीही संत होऊन गेलेला नाहीं. परक्या नाविकांच्या नकाशांतून हें नांव निघालें आणि पुढें तेंच रूढ झालें. तेथील गेलिक बोलणारे लोक आपल्या मुख्य बेटास हिर्टा म्हणत. नांवाची ही गोष्ट आम्ही मुद्दाम प्रथम सांगत आहों. कारण ह्या बेटाविषयीं जगास जें कांहीं ठाऊक आहे, त्यांतील बराचसा भाग असाच बाहेरून येऊन गेलेल्या माणसांनीं लिहून ठेवलेला आहे, आणि त्यांतील पुष्कळांचा मुक्काम एका दिवसाच्या आंतलाच होता.

आजही हिर्टाला जाणें म्हणजे एका दिवसाचेंच जाणें. उन्हाळ्यांत क्रूझच्या बोटी येतात, गांवापुढील उपसागरांत नांगर टाकतात, आणि लहान होड्यांतून उतारूंस किनाऱ्यावर पोंचवितात. वारा पूर्वेचा किंवा आग्नेयेचा असला तर उतरणें साधत नाहीं. मग बोटीच्या कठड्याशीं उभें राहूनच कोनाहर शिखराचा ४३० मीटर उंचीचा कडा व बोरेरे बेटाजवळचे पाण्यांत उभे असलेले सुळके पाहून परतावें लागतें. त्यांतला स्टॅक आन आर्मिन हा सुळका १९६ मीटर उंच आहे. उतरावयास मिळालेंच तर कांहीं तास हातीं येतात. तेवढ्यांत चंद्रकोरीसारखी वळलेली घरांची एक रांग पाहावयाची, डोंगरभर विखुरलेल्या बाराशेंहून अधिक दगडी कोठारांपैकीं एकदोहोंत डोकावावयाचें, आणि भोंगा वाजण्यापूर्वीं होडीशीं परतावयाचें. बेटावर कायमची वस्ती नाहीं. उन्हाळ्यांतले रखवालदार, पक्ष्यांचा व मेंढरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ, आणि १९५७ सालापासून तेथें असलेल्या लष्करी रडार-केंद्राचीं माणसें, एवढीच काय ती माणसांची वर्दळ. १९८६ सालीं निसर्गासाठीं आणि २००५ सालीं संस्कृतीसाठीं युनेस्कोनें ह्या बेटांस जागतिक वारशाचा मान दिला. संस्कृतीचा मान मिळाला तेव्हां ती संस्कृति जगणारीं माणसें जाऊन पाऊणशें वर्षें लोटलीं होतीं.

ह्या बेटाकडे केवळ पाहण्याच्या हौसेनें निघालेली पहिली आगबोट १८३४ सालीं गेली. तिचें नांव ग्लेन आल्बिन. १८३८ सालीं व्हल्कन नांवाची दुसरी गेली. ह्या सफरी तुरळक होत्या. नियमित ये-जा सुरू झाली ती १८७७ च्या जुलै महिन्यांत, दूनारा कॅसल ह्या आगबोटीनें. पहिल्या खेपेस तिच्यावर चाळीसएक उतारू होते. १८९८ पासून तिच्या जोडीस हेब्रिडीज हीच संज्ञा मिरविणारी दुसरी बोट आली, आणि पुढें तीस वर्षें ह्या दोन बोटी म्हणजेच हिर्टाच्या लोकांस दिसणारें जग होतें.

परंतु १८७७ ह्या सालाचा दुसरा अर्धा भाग सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. ही पहिली सहल येण्यापूर्वीं अवघे सहा महिने, त्याच वर्षाच्या जानेवारींत, एक ऑस्ट्रियन जहाज तेथें फुटलें व त्यांतील नऊ खलाशी कसेबसे बेटावर आले. बेटकऱ्यांपाशीं स्वतःपुरतेंच धान्य जेमतेम होतें. तेंच वांटून खाण्याची वेळ आली. जॉन सँड्स नांवाचा एक स्कॉटिश पत्रकार त्या हिवाळ्यांत बेटावर अडकून पडला होता. फुटलेल्या जहाजाच्या एका जीवरक्षक कड्यास बाटली बांधून, तींत मदतीची चिठ्ठी घालून ती समुद्रांत सोडण्यांत आली. नऊ दिवसांनीं ती ऑर्कनी बेटांच्या किनाऱ्यास लागली, आणि फेब्रुवारींत जॅकल ही आरमारी बोट धान्य घेऊन आली. ह्यावरूनच पुढें हिर्टाचे लोक लाकडाच्या कोरलेल्या तुकड्यांत पत्र घालून, त्यास मेंढीच्या मूत्राशयाचा फुगा बांधून, वारा अनुकूल पाहून तो लाटांवर सोडूं लागले. उन्हाळ्यांत येणाऱ्या प्रवाशांस ह्या टपालाची मोठी गंमत वाटे. गंमत वाटण्यासारखी वस्तु ती होतीच. पण सप्टेंबरपासून मे महिन्यापर्यंत ज्या किनाऱ्यास एकही बोट लागत नसे, त्या किनाऱ्यावरून ती पाहिली म्हणजे तिचें स्वरूप पालटतें. आगबोटीच्या उतारूनें हिर्टाचा हिवाळा कधींच पाहिला नाहीं. त्याच्या लिहिण्यांतील गुणदोषांचें मूळ आम्हांस येथें दिसतें.

बोट ग्लासगोहून निघे आणि वाटेंतील बंदरें घेत घेत हेब्रिडीजच्या बाहेर पडे. तेथून पुढचा मार्ग मोकळ्या समुद्राचा. पुष्कळ उतारू त्या प्रवासांत आडवेच असत. उपसागरांत शिरतांच बोटीचा भोंगा वाजविण्यांत येई आणि त्याच्या प्रतिध्वनीनें कड्यांवरचे हजारों पक्षी एकदम उठत. मग होड्यांतून मंडळी उतरत. किनाऱ्यावर बायका विणलेले मोजे व हातमोजे घेऊन उभ्या असत. पुरुषांनीं हिवाळ्यांत मागावर विणलेल्या ट्वीडच्या घड्या बाहेर निघत. आंतील बलक काढून टाकलेलीं समुद्रपक्ष्यांचीं अंडीं मांडलेलीं असत. एखाद्यानें पैसे मोजले तर तरुण गडी दोर लावून कड्यावरून खालीं उतरून दाखवीत. विसाव्या शतकाच्या आरंभीं बेटावर टपालकचेरी निघाली, तेव्हांपासून तेथील शिक्का मारलेलें कार्ड घरीं धाडणें हाही एक कार्यक्रम होऊन बसला. १९२८ सालीं प्रदर्शित झालेल्या एका मूकपटांत हेब्रिडीज बोटीची अशी एक सफर ग्लासगोपासून हिर्टापर्यंत चित्रित केलेली आहे. त्यांतील बेटकऱ्यांचे चेहरे पाहण्यासारखे आहेत: कोणी हंसतो, कोणी तोंड फिरवितो, आणि आपल्याकडे रोखलेल्या यंत्राची संवय कोणासही पुरतेपणीं झालेली दिसत नाहीं.

ह्या थोड्या तासांवरून हिर्टाच्या लोकांविषयीं दोन मतें प्रसृत झालीं. पहिलें असें, कीं हे लोक निष्पाप, निर्लोभ व सुवर्णयुगांतले आहेत. दुसरें असें, कीं ते आळशी, भिकारडे व पैशाचे लोभी झालेले आहेत. गंमत ही, कीं पहिलें मत घेऊन आलेलाच मनुष्य बहुधा दुसरें मत घेऊन परते. सकाळीं दररोज बेटावरचे पुरुष रस्त्यावर जमून त्या दिवसाचें काम ठरवीत. ह्या बैठकीस पाहुण्यांनीं पार्लमेंट असें भारदस्त नांव दिलें. १८८६ सालचें तिचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत दाढीवाले पुरुष दोहों बाजूंस हारीनें उभे आहेत, आणि ती मांडणी उघडच कॅमेऱ्यासाठीं केलेली आहे. पार्लमेंट म्हणून कौतुक करणारेच, चर्चेंत सकाळ दवडली म्हणून ह्या लोकांस आळशीही म्हणत. समुद्र व वारा पाहून, कोणत्या कड्यावर जावयाचें, दोर कोणाचा, होडी काढावयाची कीं नाहीं, हें ठरविण्यास वेळ लागतो, आणि चूक झाली तर त्याची किंमत माणसाच्या प्राणानें द्यावी लागते, ही गोष्ट तीन-चार तासांच्या पाहुण्यास कशी कळावी?

लोभाच्या आरोपाचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे. १६९७ सालीं मार्टिन मार्टिन नांवाचा गृहस्थ हिर्टाला गेला व पुढल्याच वर्षीं त्याचें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्या वेळीं बेटावर सुमारें १८० माणसें होतीं व नाण्यांचा व्यवहार नव्हता. बेट डनव्हेगनच्या मॅक्लाउड घराण्याचें. खंड वस्तुरूपानें द्यावयाचा: पक्ष्यांचीं पिसें, फुल्मार पक्ष्याचें तेल, ट्वीड व असेंच कांहीं. वर्षांतून एकदां मालकाचा कारभारी येई, खंड वसूल करी आणि मोबदल्यांत धान्य, मीठ व इतर जिन्नस देई. भाव कारभारी ठरवी. दुसरें गिऱ्हाईक नव्हतें. आगबोट आली आणि हिर्टाच्या बाईस आपल्या मोज्यांचा दुसरा भाव प्रथमच कळला. जी वस्तु आजवर कारभाऱ्याच्या तराजूंत पडत होती, तिच्यासाठीं एक परका मनुष्य चांदीचें नाणें काढून देतो, हें तिनें पाहिलें. तिनें पुढच्या वर्षीं थोडें अधिक मागितलें, तर त्यांत नीतीचा अधःपात कोठें झाला? छायाचित्र काढूं देण्याबद्दल पैसे मागतात, ह्याविषयीं प्रवाशांनीं पुष्कळ तक्रार केली आहे. पण ज्या छायाचित्रकारानें बोटीचें तिकीट काढलें, कांचेच्या पट्ट्या विकत घेतल्या, आणि परतल्यावर चित्रांचीं कार्डें विकलीं, त्यानें त्या बाईच्या चेहऱ्यास मात्र कांहीं किंमत नाहीं असें समजावें, हा न्याय आम्हांस उमजत नाहीं.

रॉबर्ट कॉनेल ह्या ग्लासगोच्या पत्रकारानें १८८७ च्या आपल्या पुस्तकांत दानधर्मानें हे लोक बिघडत आहेत असा सूर लावला. ह्यांत तथ्यांश आहे, नाहीं असें नाहीं. दरवर्षीं पेट्या भरभरून जुने कपडे व खाऊ आणणारा पाहुणा कांहीं माणसाचा स्वाभिमान वाढवीत नाहीं. परंतु कोणत्याही लहान गांवास, वर्षांतून दहा-बारा दिवस सबंध जगानें येऊन पाहावें आणि उरलेले साडेअकरा महिने विसरून जावें, असें केलें तर तें गांव कसें वागेल, ह्याची कल्पना टीकाकारांनीं करून पाहिली नाहीं.

घरांची जी रांग आजचा पाहुणा पुरातन म्हणून डोळे भरून पाहतो, तीही फार जुनी नाहीं, आणि तिचा धागा हिंदुस्थानांत येतो, ही गोष्ट आमच्या वाचकांस मनोरंजक वाटेल. १८६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बांधलेलीं हीं सोळा घरें जॉन मॅकफर्सन मॅक्लाउड ह्या तत्कालीन मालकानें बांधविलीं. हा गृहस्थ मद्रासच्या मुलकी नोकरींत होता, आणि १८३३ सालच्या कायद्यानुसार नेमलेल्या पहिल्या विधि-आयोगांत लॉर्ड मेकॉलेच्या जोडीनें बसलेला सभासद होता. १८६० सालीं जी भारतीय दंडसंहिता संमत झाली व २०२४ पर्यंत आपल्याकडे लागू होती, तिच्या मूळ मसुद्यावर ह्या हिर्टाच्या मालकाचाही हात आहे. आणखी एक योगायोग असा, कीं १७५८ सालीं हिर्टाला जाऊन १७६४ सालीं त्यावर पुस्तक लिहिणारा पाद्री केनेथ मेकॉले हा लॉर्ड मेकॉलेचा चुलत आजोबा. मॅक्लाउडनें बांधविलेल्या घरांवर जस्ताचे पत्रे घातले होते. तेथील वादळांस ते पुरे पडेनात आणि आंतून पाणी ठिबके. पुढें ते काढून डांबरी आच्छादन घालावें लागलें. जुन्या जाड भिंतींचीं, गवतानें शाकारलेलीं काळीं घरें अधिक उबदार होतीं असें म्हणतात. बाहेरून आलेली सुधारणा अशी अर्धी सोयीची व अर्धी गैरसोयीची असे.

पाहुण्यांनीं आणलेली एक वस्तु मात्र निखालस वाईट होती. बोट येऊन गेली कीं थोड्याच दिवसांत सबंध गांव पडशानें व खोकल्यानें आजारी पडे. मार्टिननें हें लिहिलें आहे, केनेथ मेकॉलेनेंही लिहिलें आहे. ह्या दुखण्यास हिर्टाचे लोक परक्यांचें पडसें म्हणत. १७७३ च्या सुमारास डॉक्टर जॉन्सन व बॉस्वेल ह्यांच्या संभाषणांत हा विषय निघाला तेव्हां जॉन्सनसाहेबांनीं ही गोष्ट हंसण्यावारी नेली. बोट लागल्यानें पडसें कसें येईल, असा त्यांचा रोख होता. आज त्याचें कारण सर्वांस ठाऊक आहे. ज्या लहानशा वस्तींत महिनोन्महिने नवा मनुष्य येत नाहीं, तेथें पडशाचे सूक्ष्म जंतु टिकूनच राहत नाहींत, आणि त्यांचा प्रतिकार करण्याची शरीराची संवयही ओसरते. मग एका शिंकेनें गांव झोपतें. विद्वानांस जें अशक्य वाटलें तें अडाणी म्हटलेल्या लोकांनीं बरोबर हेरलें होतें. ह्याहून भयंकर पाहुणा १७२७ सालीं आला. हॅरिस बेटावर देवीनें मेलेल्या एका हिर्टावासीयाचे कपडे परत आणले गेले आणि त्यांच्याबरोबर देवीही आल्या. गांवांतील बहुतेक माणसें गेलीं. त्या वेळीं तीन पुरुष व आठ मुलें पक्षी पकडण्यासाठीं स्टॅक आन आर्मिनवर उतरलीं होतीं. त्यांस न्यावयास होडी आलीच नाहीं, कारण होडी वल्हविण्यास गांवांत माणसेंच उरलीं नव्हतीं. त्या उघड्या सुळक्यावर पक्षी व मासे खाऊन त्यांनीं सबंध हिवाळा काढला आणि पुढच्या मे महिन्यांत तीं अकराही सुखरूप परत आलीं.

तेव्हां, आगबोटीच्या पाहुण्यांनीं हिर्टा मारलें, हें जें मत आज सर्रास ऐकूं येतें, तें खरें मानावयाचें काय? आम्हांस तें पुरतेंसें पटत नाहीं. १८५२ सालीं बेटावरचीं छत्तीस माणसें ऑस्ट्रेलियास निघून गेलीं. म्हणजे लोकसंख्येचा तिसरा हिस्सा एका फटक्यासरशीं गेला. त्यांतील पुष्कळ वाटेंतच वारलीं. तेव्हां नियमित सफरी सुरू होण्यास अजून पंचवीस वर्षें होतीं. आणि सफरी जोरांत असतांना, १८७७ पासून १९२१ पर्यंत, वस्ती सत्तरीच्या आसपास टिकूनच होती; १९२१ सालीं ती ७३ होती. नवजात बालकांचा धनुर्वात हा तेथील खरा काळ. बालकें आठवड्याभरांतच दगावत, आणि बायकांनीं मूल जन्मण्याआधीं त्याच्यासाठीं कपडे शिवून ठेवणेंही सोडून दिलें होतें असें सांगतात. ॲंगस फिडिस ह्या पाद्र्यानें मुख्य भूमीवर जाऊन निर्जंतुक रीतीनें नाळ कापण्याचें शिक्षण घेतलें व १८९१ च्या सुमारास ही साथ बंद पाडली. तो उपायही बोटीनेंच आला. एकाच मार्गानें पडसें आलें व औषधही आलें. मार्गास दोष कसा द्यावा?

घाव बसला तो पहिल्या महायुद्धानंतर. १९१२ सालीं अन्नाची टंचाई व इन्फ्लुएंझा ह्यांची बातमी बाहेर फुटली, तेव्हां एका वर्तमानपत्राच्या खटपटीनें १९१३ सालीं बेटावर बिनतारी यंत्र आलें. युद्धांत तेथें आरमाराची तुकडी राहिली. तिच्यामुळें टपाल व माल नियमित येऊं लागला, तरुणांस रोजची मजुरी मिळूं लागली. १५ मे १९१८ रोजीं जर्मन पाणबुडीनें बिनतारी केंद्रावर तोफा डागल्या, तेवढ्यापुरतें युद्ध प्रत्यक्ष हिर्टाला शिवून गेलें. शांतता झाली आणि तुकडी निघून गेली. बारमाही जगाची चव घेतलेल्या तरुणांस पुन्हा केवळ जून-जुलैच्या जगावर भागवणें आलें. ते एकामागून एक गेले. १९२८ सालीं ३७ माणसें उरलीं. होडी ओढावयास, दोर धरावयास, मेंढरें हांकावयास जितके धट्टेकट्टे हात लागतात तितके उरले नाहींत. मेजवानीच्या दिवशीं येणाऱ्या पाहुण्यामुळें घर बुडत नाहीं. घरचें मनुष्यबळ संपलें म्हणजे बुडतें.

१० मे १९३० रोजीं वीस बेटकऱ्यांनीं सरकारकडे अर्ज केला, कीं आम्हांस येथून हलवावें. त्यांतले बारा पुरुष होते. बेटावरील परिचारिकेनें त्यांस ह्या कामीं मदत केली. त्या उन्हाळ्यांत बातमी पसरतांच हिर्टा पाहावयास जाणारांची एकच झुंबड उडाली. शेवटच्या मोज्यांची, शेवटच्या शिक्क्याच्या कार्डांची मागणी वाढली. दूनारा कॅसल, जिनें १८७७ सालीं पहिले पाहुणे आणले होते, तिनेंच शेवटच्या दिवसांत बेटावरचीं मेंढरें उचलून नेलीं. कुत्र्यांस नेतां येण्याजोगें नव्हतें. गळ्यांत दगड बांधून त्यांस समुद्रांत बुडविण्यांत आलें. २९ ऑगस्टच्या सकाळीं हेअरबेल ह्या आरमारी बोटीवर छत्तीस माणसें चढलीं. घरोघरीं बायबल उघडें ठेवून व ओटच्या दाण्यांची लहानशी रास मांडून दारें लावलीं होतीं. बहुतेकांस मुख्य भूमीवर लोकअलाइनच्या परिसरांत ठेवलें आणि पुरुषांस सरकारी वनखात्यांत कामें दिलीं. हिर्टावर झाड म्हणून नव्हतें. कड्यावर दोरानें उतरणाऱ्या त्या माणसांस तेथें रोपें लावावयाचीं होतीं.

पुढल्या वर्षीं मॅक्लाउड घराण्यानें बेट डंफ्रीझच्या अर्लला विकलें. १९३२ सालीं शेजारच्या सोए बेटावरचीं १०७ रानटी मेंढरें आणून हिर्टावर सोडण्यांत आलीं. त्यांचीच प्रजा आज शास्त्रज्ञ मोजीत असतात. माणसांबरोबर घरांतला उंदीरही नाहींसा झाला, कारण तो माणसांच्या धान्यावरच जगत होता. पण आगबोटी येणें थांबलें नाहीं. आणि नव्या मालकाच्या परवानगीनें, जुन्या बेटकऱ्यांपैकीं कांहीं जण उन्हाळ्यांत परत येऊं लागले. आपापल्या घराचें दार उघडून ते तेथें कांहीं आठवडे राहत, थोडें ट्वीड विणीत, आणि भोंगा ऐकूं आला कीं धक्क्याकडे जात. उतरणाऱ्या मंडळींस मोजे व कार्डें विकून, हंगाम संपण्यापूर्वीं, त्याच बोटीचे उतारू होऊन तेही परतत. हें १९३९ च्या उन्हाळ्यापर्यंत चाललें. मग दुसरें महायुद्ध सुरू झालें व सफरी बंद पडल्या.